टूसॉनमधील परसबाग आणि पाण्याचा नागरी व्यवहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅरिझोनातील टूसॉन शहरात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे पहिला उन्हाळा सरला की साधारण तेच प्रश्न विचारतात. मेथी का करपली, कढीपत्ता कुठून आणावा, छतावरचे पाणी साठवले तर चालते का, आणि शेजारी ज्या बैठकीला बोलावतात तिथे जाऊन आपण करायचे काय? गेली कित्येक वर्षे ही उत्तरे फोनवर आणि जेवणाच्या पंगतीत देत आलो आहे; ती येथे एकत्र लिहिली आहेत. काही प्रश्न मातीचे आहेत आणि काही शहराच्या कारभाराचे, पण येथे त्यांची फारकत करता येत नाही. कोथिंबिरीला घातलेले पाणी कोलोरॅडो नदीतून ३३६ मैल लांबीच्या कालव्याने, जवळजवळ २,९०० फूट वर उपसून आणलेले असते, आणि ते कोणाला किती दराने द्यायचे हे मतदानाने निवडून आलेली माणसे ठरवतात.

वाळवंटात भाजीपाला पिकवणे हा अट्टहास नाही का?

हा प्रश्न योग्य आहे, पण त्याच्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. सांता क्रूझ नदीच्या काठावर, आज जिथे टूसॉन वसले आहे तिथे, चार हजार वर्षांहून अधिक काळ शेती होत आली आहे. येथील उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे पाटाचे पाणी देणारे कालवे सापडले आहेत. या वाळवंटातील मूळ रहिवासी असलेल्या टोहोनो ओओदाम लोकांनी पावसाळी ओढ्यांच्या मुखाशी, पुराचे पाणी पसरते त्या जमिनीत टेपरी नावाचे घेवड्याच्या जातीचे कडधान्य पिकवले, जे एखाददुसऱ्या चांगल्या भिजवणीवर तयार होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस फादर किनो आणि त्यांच्यानंतरचे मिशनरी यांच्याबरोबर डाळिंब, अंजीर, बिही (क्विन्स) ही फळझाडे आणि गहू आले. ‘ए’ माउंटन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मिशन गार्डनमध्ये ही सगळी परंपरा वाफ्यावाफ्यांतून प्रत्यक्ष पाहता येते. नव्या माणसाने बियाणे विकत घेण्याआधी तिथे एक सकाळ घालवावी असे मी आवर्जून सांगतो. युनेस्कोने २०१५ मध्ये टूसॉनला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, आणि असा मान मिळवणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले, त्यामागे हाच वारसा आहे.

अट्टहास असलाच तर तो इथल्या उन्हात पुण्याच्या किंवा ओहायोच्या पद्धतीने बाग करण्यात आहे. भूजलाचा बेसुमार उपसा आणि पात्राची धूप यांमुळे सांता क्रूझ नदी विसाव्या शतकात कोरडी पडली. २०१९ पासून शहराच्या मध्यभागी तिच्या पात्रात शुद्ध केलेले सांडपाणी सोडले जाते, त्यामुळे त्या पट्ट्यात पुन्हा झुडपे आणि चतुर दिसू लागले आहेत.

येथे पाऊस किती पडतो आणि कधी?

वर्षाला ११ इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारे २८० मिलिमीटर. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातसुद्धा याच्या दीडपट तरी पाऊस होतो. त्यातला साधारण निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये, दुपारनंतरच्या वळवासारख्या जोरदार सरींनी येतो, आणि याला येथील लोकही मॉन्सून असेच म्हणतात. उरलेला हिवाळ्यात, हळू आणि शांतपणे पडतो. एप्रिल, मे आणि जून हे तीन महिने जवळजवळ कोरडे असतात. जूनमध्ये दुपारचे तापमान ३८ अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि हवेत ओलावा नसतो. बागेचे नियोजन करताना वर्षाची सुरुवात ऑक्टोबरपासून मोजावी आणि मे-जून हा काळ झाडे केवळ जगवण्याचा समजावा.

सगळीकडे दिसतात तसे लाकडी चौकटीतले उंच वाफे करावेत का?

शक्यतो करू नयेत. गादी वाफा ही जास्त पावसाच्या प्रदेशातील, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून शोधलेली पद्धत आहे. येथे चारही बाजूंनी ऊन आणि गरम वारा लागून तो वाफा सकाळी भिजवला तरी संध्याकाळपर्यंत कोरडा होतो. मी पहिल्या वर्षी तयार चौकटी आणून त्यात मेथी पेरली होती. दोन पानांवर आलेली रोपे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कडेकडेने पिवळी पडत गेली आणि आठ दिवसांत वाफा रिकामा झाला. त्यानंतर उलटे केले. जमिनीच्या पातळीपेक्षा सहा ते आठ इंच खोल वाफा खणला, निघालेली माती चहूबाजूंनी बांधासारखी लावली आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन दिले. खोलगट वाफ्यात पावसाचे पाणी आपोआप उतरते, मुळांना सावली राहते आणि वारा वरून निघून जातो.

याच्या जोडीला मटका सिंचन उत्तम चालते. बिनरोगणाचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, भरायचे आणि तोंडावर झाकण ठेवायचे. येथे त्याला स्पॅनिशमधून आलेल्या ‘ओया’ या नावाने ओळखतात, पण ज्यांनी गावाकडे नव्या झाडाच्या आळ्यात मडके पुरलेले पाहिले आहे त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जमीन खणताना एक फुटावर दगड लागतो. काय करावे?

तो बहुधा दगड नसतो. त्याला कॅलिची म्हणतात: हजारो वर्षे पाण्याबरोबर खाली उतरलेला चुना साचून तयार झालेला सिमेंटसारखा घट्ट थर. फावडे त्यावर काहीच करू शकत नाही. पहार मारली की ठण्ण आवाज येतो, टोकाला पांढरी भुकटी लागते आणि हाताच्या तळव्याच्या आकाराच्या चपट्या खपल्या निघतात. आदल्या रात्री खड्डा पाण्याने भरून ठेवला तर दुसऱ्या दिवशी काम थोडे हलके होते. खड्डा पुरेसा झाला की नाही हे पाहण्याची साधी कसोटी अशी की तो काठोकाठ भरावा आणि एका दिवसात पाणी जिरते का ते पाहावे. जिरत नसेल तर तळाशी पहारीने आरपार भोके पाडावीत, अन्यथा झाडाची मुळे कुजतात.

चुनखडीमुळे माती अल्कधर्मी असते. लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही आणि पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कंपोस्ट हा त्यावरचा दीर्घकालीन उपाय आहे. कोलोरॅडोच्या पाण्यात क्षारही बरेच असतात, म्हणून रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदा खोलवर भिजवावे, म्हणजे क्षार मुळांच्या खाली निघून जातात.

आपल्या कोणत्या भाज्या येथे येतात?

अपेक्षेपेक्षा बऱ्याच. ऑक्टोबरपासून मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण आणि सोलाण्यासाठी हरभरा उत्तम येतो. कडाक्याच्या थंडीच्या मोजक्या रात्री वाफ्यावर जुनी चादर टाकावी लागते. पाने गोठवणाऱ्या थंडीचा धोका मार्चच्या मध्यापर्यंत धरावा. त्यानंतर भेंडी, गवार, चवळी, वांगी, अंबाडी, तीळ. टोमॅटोबाबत मात्र सावध राहावे: दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास स्थिरावले की फुले येतात आणि फळ न धरता गळतात, म्हणून रोपे मार्चमध्येच लावून जूनपूर्वी फळ काढून घ्यावे किंवा सावलीचे जाळे लावून ती शरद ऋतूपर्यंत जगवावीत.

मला सर्वांत विश्वासाचे पीक मटकी वाटते. ती मुळातच राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यातील. किराणा दुकानातून मोड आणण्यासाठी घेतलेल्या मटकीतील मूठभर दाणे जुलैच्या पहिल्या पावसानंतर टाकले तरी वेल जमिनीवर पसरून माती झाकतो. तिच्याशेजारी टेपरी लावावी. टेपरीचे बियाणे, तसेच येथील मका, भोपळा आणि चिल्तेपीन या वाटाण्याएवढ्या जहाल रानमिरचीचे बियाणे नेटिव्ह सीड्स/सर्च या संस्थेकडे मिळते. १९८३ पासून ही संस्था या प्रदेशातील देशी वाण जपत आहे. टूसॉन ज्या जिल्ह्यात येते त्या पिमा काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांप्रमाणे बियाण्यांची पाकिटेही नेता येतात आणि हंगामानंतर आपल्या रोपांचे बी परत आणून देता येते. टेपरीची उसळ कांदा-खोबऱ्याच्या वाटणात करून पाहावी. ती शिजायला वेळ घेते, पण दाणा फुटत नाही.

कढीपत्त्याचे रोप दुसऱ्या राज्यातील नातेवाइकांकडून किंवा भारतातून आणले तर चालेल का?

नाही, आणि हे कळकळीने सांगतो. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला आहे. विदर्भातील संत्रा बागायतदारांना ठाऊक असलेला सिट्रस सायला हा किडा त्यावर राहतो, आणि तोच सिट्रस ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवतो. फ्लोरिडाच्या संत्राबागा या रोगाने उद्ध्वस्त झाल्या आहेत. टूसॉनच्या अंगणाअंगणांत लिंबू, संत्रे, पपनस आहे. एका कुंडीतून आलेला किडा पूर्ण वस्तीची झाडे धोक्यात आणू शकतो. म्हणून रोप स्थानिक, परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावे. ते कुंडीत ठेवून हिवाळ्यात आत घ्यावे लागते. भारतातून बियाणे किंवा कलमे आणण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याची परवानगी आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. सामानात गुपचूप आणणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय शेजाऱ्यांच्या झाडांवर अन्यायही आहे.

छतावरचे पाणी साठवण्यास परवानगी आहे का?

परवानगी आहे आणि प्रोत्साहनही आहे. १,००० चौरस फूट छतावर १ इंच पाऊस पडला की सुमारे ६०० गॅलन, म्हणजे २,२०० लिटरहून अधिक पाणी मिळते. हाच हिशेब वर्षाच्या ११ इंचांना लावल्यास एका मध्यम घराच्या छतावरून छोट्या परसबागेची मोठी गरज भागते. शहराच्या पाणीपुरवठा विभागाने २०१२ पासून घरगुती साठवणीसाठी अनुदान सुरू केले. त्याची कमाल मर्यादा २,००० डॉलर ठेवण्यात आली आणि त्यासाठी आधी एका कार्यशाळेला हजर राहणे बंधनकारक केले गेले. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या अटी विचारून घ्याव्यात. कार्यशाळा टाळू नये, कारण तिथे पहिला धडा टाकीचा नसतो: आधी जमिनीला उतार देऊन पाणी मातीतच जिरवा, उरले तर टाकीत भरा. टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी असावी आणि जिरवण खड्ड्यात २४ तासांपेक्षा जास्त पाणी राहू नये, नाहीतर डासांचा त्रास होतो.

कपडे धुतलेले पाणी झाडांना देता येते का?

होय. अ‍ॅरिझोनामध्ये दिवसाला ४०० गॅलनपेक्षा कमी असे न्हाणीचे आणि कपडे धुण्याचे पाणी वेगळा परवाना न काढता नियम पाळून वापरता येते. ते भाजीपाल्यावर सोडू नये. फळझाडांत लिंबूवर्गीय आणि कवचाची फळे देणाऱ्या झाडांना मुभा आहे. साबण बोरॉन आणि मीठ नसलेला घ्यावा. टूसॉनने २००८ मध्ये असा नियम केला की २०१० नंतर बांधल्या जाणाऱ्या नव्या घरांमध्ये या पाण्यासाठी वेगळ्या नळजोडणीची सोय ठेवावी लागते, त्यामुळे घर नवे असेल तर ती तोटी कदाचित आपल्या भिंतीत आधीच असेल.

रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कडेला ठिकठिकाणी खाचा दिसतात. त्या कशासाठी?

माझ्या मते या शहराचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर त्या खाचांपाशी उभे राहावे. टूसॉनचे रस्तेच पावसाळ्यात ओढे होतात. पाणी कडेकडेने वाहत नाल्यात आणि तिथून शहराबाहेर जाते, तर त्याच रस्त्याच्या कडेची झाडे तहानलेली राहतात. डनबार-स्प्रिंग या जुन्या वस्तीत राहणारे ब्रॅड लँकेस्टर आणि त्यांचे शेजारी १९९६ पासून रस्त्याच्या कडेला देशी झाडे लावत आले. त्यांना पाणी मिळावे म्हणून लँकेस्टर यांनी रस्त्याची कड कापून पाणी खोलगट आळ्यात वळवले. सुरुवातीला हे परवानगीशिवाय होते. नंतर त्यांनी पालिकेतील अधिकाऱ्यांना ते दाखवले, समजावले, पाठपुरावा केला, आणि २००७ मध्ये शहराने रीतसर परवान्याने अशा खाचा करण्याची पद्धत मान्य केली. आज अनेक वस्त्यांमध्ये त्या आहेत. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा माळरानाच्या उतारावर राबवली गेली. येथे ती डांबरी रस्त्याला लावली आहे.

जुलैतील एका संध्याकाळी मी छत्री घेऊन अशा खाचेपाशी थांबलो होतो. आधी कडेने सिगारेटची थोटके, पाने आणि फेस आला, मग चहाच्या रंगाचे पाणी. ते खाचेपाशी क्षणभर अडखळले, आत वळले आणि दगडांवरून आळ्यात उतरले. दहा-बारा मिनिटांत आळे भरले, तेव्हा पाणी आपोआप पुढच्या घराकडे सरकले. सकाळी तिथे केवळ ओला पाचोळा होता.

खाच करण्याआधी पालिकेचा परवाना काढणे आवश्यक आहे, कारण रस्त्याकडेच्या पट्टीखाली गॅस आणि पाण्याच्या नळ्या असतात. रस्त्यावरच्या पाण्यात तेल आणि टायरचा कचरा असतो, म्हणून ते झाडांसाठीच वापरावे, मुळा-गाजरासाठी नव्हे.

त्या आळ्यांत बाभळीसारखी दिसणारी झाडे कोणती? त्यांच्या शेंगा लोक गोळा का करतात?

ते मेस्कीट. दसऱ्याला आपण जिची पाने वाटतो ती शमी आणि माळावर माजणारी वेडी बाभूळ, ही दोन्ही त्याच्या भाऊबंदांतली. शेंग वाळली की गोड होते. तिचे पीठ या भूमीतील लोकांचे पूर्वापार अन्न आहे. शेंगा मॉन्सूनच्या पहिल्या सरीपूर्वी झाडावरूनच काढाव्यात, कारण भिजलेल्या शेंगांवर विषारी बुरशी धरण्याची भीती असते. प्रत्येक झाडाची चव निराळी. शेंग मोडून चावून पाहावी, घशाला खवखवली तर ते झाड सोडून द्यावे. डेझर्ट हार्वेस्टर्स हा गट २००३ पासून सार्वजनिक दळण भरवत आला आहे. ट्रेलरवरच्या गिरणीचा कानठळ्या बसवणारा आवाज, गुळासारखा वास आणि बादल्या घेऊन लावलेली रांग पाहून गावच्या पिठाच्या गिरणीची आठवण होते. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा हे पीठ घातले तर भाकरी किंचित गोड होते. त्याहून जास्त घातल्यास ती थापताना तुटते.

पाण्याच्या दरावरून येथे एवढे वाद का होतात?

कारण यापूर्वी त्यावरून सत्ता बदलली आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात नगर परिषदेने पाण्याचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले; लोक इतके संतापले की जानेवारी १९७७ मध्ये मतदारांनी नगरसेवकांना मुदतीआधीच मतदानाने पदावरून दूर केले. नव्या सभासदांनाही दर फारसे खाली आणता आले नाहीत, कारण तेव्हा शहराचे पाणी विहिरींतून येत होते आणि त्या खोल जात होत्या हे वास्तव होते. त्याच वर्षी दुपारच्या वेळी आणि रोजच्या रोज पाणी न घालण्याची मोहीम सुरू झाली. १९९२ मध्ये कोलोरॅडोच्या कालव्याचे पाणी घरोघरी सोडले, तेव्हा त्याच्या वेगळ्या रासायनिक गुणधर्मांमुळे जुन्या लोखंडी नळ्यांचा गंज सुटून नळांना तपकिरी पाणी आले. १९९४ मध्ये ते थांबवावे लागले आणि १९९५ मध्ये मतदारांनी ते थेट पुरवण्यावर बंदी घालणारा प्रस्ताव मंजूर केला. मग शहराने ते पाणी शहराच्या पश्चिमेकडील आव्रा व्हॅलीत जमिनीत मुरवून, भूजलात मिसळून २००१ पासून देण्यास सुरुवात केली. आज आपण पितो ते बहुतांशी हेच.

हा इतिहास मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण येथील चांगले नियमही अशाच दबावातून आले आहेत. २००८ मध्ये नव्या व्यापारी इमारतींना बागेच्या पाण्याचा निम्मा भाग पावसाच्या पाण्यातून भागवणे बंधनकारक करणारा देशातील पहिला नगर-नियम टूसॉनने केला. २०२० पासून पाण्याच्या बिलात दर ७४८ गॅलनमागे १३ सेंट असा छोटा आकार सुरू झाला, आणि त्यातून रस्त्याकडेची जिरवण आळी व सावलीची झाडे केली जातात. बिल आले की ती ओळ जरूर वाचावी. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘प्रोजेक्ट ब्लू’ नावाच्या मोठ्या डेटा सेंटरची जागा शहराच्या हद्दीत घेण्याचा प्रस्ताव नगर परिषदेने एकमताने नाकारला. त्याआधीच्या सभांत पाण्याचा प्रश्न घेऊन लोक गर्दीने आले होते.

आम्ही व्हिसावर आहोत. मत देता येत नाही, मग बैठकीला जाऊन उपयोग काय?

मतदान केवळ नागरिकांचे, आणि नागरिक नसताना चुकूनही मतदार नोंदणी करू नये. त्याचे परिणाम गंभीर असतात. पण मतदानाखेरीज बाकी दारे उघडी आहेत. शहराचे सहा वॉर्ड आहेत, प्रत्येकाचा नगरसेवक आणि कार्यालय आहे, आणि महापौर व नगर परिषदेच्या सभेत श्रोत्यांसाठी राखलेल्या वेळेत कोणीही रहिवासी चिठ्ठी भरून तीन मिनिटे बोलू शकतो. वस्तीच्या रहिवासी संघाच्या बैठकीत तर भाडेकरूही बसतात. आपल्या पाण्याचे बिल आणि आपल्या रस्त्यावरची सावली यांबद्दल बोलण्यासाठी पासपोर्ट कोणत्या रंगाचा हे कोणी विचारत नाही. पहिल्या दोन बैठका नुसत्या ऐकाव्यात. तिसऱ्या वेळी एकच मुद्दा घेऊन जावे: अमुक चौकात पाणी साचते, तिथे आळे करता येईल का. माझ्या अनुभवात असा नेमका प्रश्न कागदावर नोंदला जातो.

आमच्या सोसायटीने पुढच्या अंगणात भाजी लावण्यास नकार दिला आहे.

घरमालक संघाचे नियम हा खाजगी करार असतो; शहराची परवानगी त्याच्यावर मात करत नाही. मागच्या अंगणात सहसा अडचण येत नाही. पुढे डाळिंब, अंजीर किंवा मेस्कीट ‘शोभेचे झाड’ म्हणून मंजूर करून घेता येते, तेव्हा अर्जात झाडाचे नाव आणि उंची स्पष्ट लिहावी.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, जागाच नाही.

कम्युनिटी गार्डन्स ऑफ टूसॉन या संस्थेचे सामायिक मळे शहरभर आहेत; मासिक शुल्कात वाफा, पाणी आणि ठिबकची जोडणी मिळते. फळे तोडण्याची हौस असेल तर इस्काशिता या निर्वासितांबरोबर काम करणाऱ्या गटाला स्वयंसेवक लागतात. लोकांच्या अंगणात वाया जाणारी संत्री आणि लिंबे ते गोळा करतात. किडीबद्दलच्या शंका अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्रातील मास्टर गार्डनर या प्रशिक्षित स्वयंसेवक मंडळींना पान दाखवून विचाराव्यात.

जून-जुलैत मुलांच्या सुट्टीत आम्ही भारतात जातो. बागेचे काय?

नेमक्या त्याच काळात बागेला माणूस लागतो, त्यामुळे तयारी मेमध्ये करावी. हिवाळी वाफे रिकामे करून चार इंच आच्छादन टाकावे, फळझाडांना घड्याळावर चालणारे ठिबक लावावे आणि त्याच्या तोट्या स्वतः एकेक उघडून पाहाव्यात, कारण क्षारांनी तुंबलेली एक तोटी जूनच्या तीन दिवसांत लिंबाचे नवे झाड घालवते. किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी. आमच्या पलीकडच्या आजी दर उन्हाळ्यात आमची भेंडी तोडून नेतात, टाकीची जाळी पाहतात आणि पहिला पाऊस पडला की आळे किती भरले याचा फोटो साताऱ्याला पाठवतात. परत येताना आम्ही त्यांच्यासाठी काळा मसाला आणतो; त्या तो टेपरीत घालतात.